लिडियाच्या नावाची मूठ

कुंदाबाईच्या ओट्यावर पाय ठेवला आणि काही न खाता परत गेला, असा माणूस गावात शोधून सापडायचा नाही. पोस्टमन असो, मीटर बघायला आलेला वीजमंडळाचा पोरगा असो, नाहीतर मत मागायला आलेला पुढारी असो. समोर आधी भाकरी यायची आणि मग प्रश्न यायचा, "काय काम शे?" समोरच्याला भूक आहे की नाही, हे विचारायची तिच्याकडे पद्धतच नव्हती. विचारून वाढतो तो हॉटेलवाला, असं तिचं स्वच्छ मत. तिचा नवरा रतिलाल म्हणायचा, हिच्या दारात यम आला तरी जेवल्याशिवाय सुटायचा नाही. पुढे यम खरंच आला आणि जेवायला थांबला नाही. तापाचं निमित्त करून त्यांची एकुलती एक डिंपल घेऊन गेला. पोरगी तेव्हा सात वर्षांची होती. त्यानंतर रतिलाल ते वाक्य कधी बोलला नाही.

या गोष्टीला तप उलटलं. मधल्या काळात शेतात कपाशी आली, मका आला, घरावर स्लॅब पडला, डिंपलच्या फोटोचा हार प्लॅस्टिकचा झाला. कुंदाबाई जगाला खाऊ घालत राहिली.

गाव धुळ्याहून पारोळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या थोडं आत. फाट्यावर मिशनची शाळा. गावातली निम्मी पोरं तिथेच शिकली, डिंपलही पहिलीला तिथेच होती. त्या शाळेत दर पावसाळ्यात परदेशातल्या कुठल्या ना कुठल्या चर्चची तरुण पोरं यायची. महिना-दीड महिना राहायची, भिंती रंगवायची, मुलांना इंग्रजी गाणी शिकवायची, त्यांच्याबरोबर चिखलात फुटबॉल खेळायची आणि जाताना रडायची. गावाला त्याची सवय झाली होती. "मिशनना पाहुना उनात," एवढंच लोक म्हणायचे आणि आपल्या कामाला लागायचे.

यंदा अमेरिकेतून दोन मुलगे आणि एक मुलगी आली. मुलग्यांची सोय शाळेतच झाली, पण मुलीसाठी ठेवलेली खोली पहिल्याच आठवड्यात अशी गळायला लागली की खाटेखाली बादल्या ठेवाव्या लागल्या. मुख्याध्यापिका प्रमिलाबाई साळवे सरळ कुंदाबाईकडे आल्या. धुळ्यातलं त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या ख्रिस्ती, आणि कुंदाबाईशी त्यांची मैत्री डिंपलच्या शाळेच्या पहिल्या दिवसापासूनची.

"कुंदाबाई, तुमची मागची खोली रिकामी आहे. पोरगी एकोणीस वर्षांची आहे. नाव लिडिया. कुणाच्या घरी सोडावी असं मनात आलं आणि तुमच्याशिवाय दुसरं नाव सुचेना."

एकोणीस म्हटल्यावर कुंदाबाईनं मनातल्या मनात हिशेब केला, आणि तो कुणालाही करता आला असता. ती एवढंच म्हणाली, "तिखट खास का ती?"

खायची की! लिडिया सगळं खायची. कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत. शेवभाजी खाताना तिच्या डोळ्यांतून, नाकातून धारा लागायच्या आणि ती आणखी वाढा म्हणून ताटली पुढे करायची. शाळेतल्या पोरांनी तिला मराठीच्या आधी अहिराणी शिकवली होती. संध्याकाळी दारातून ती ओरडत यायची, "माय, माले भूक लागनी!" आणि अख्खी गल्ली हसायची. हाडकुळी, उंच, नाकावर ठिपकेच ठिपके, आणि केस वाळलेल्या मक्याच्या केसांसारखे. कुंदाबाई रोज तिच्या डोक्यावर तेल थापायची आणि ती बिचारी निमूट थापून घ्यायची.

जेवायच्या आधी मात्र ती डोळे मिटून, हात जोडून थांबायची. ओठ हलायचे. तेवढा वेळ कुंदाबाईही हातातली पळी वर धरून थांबायची. तिला ते फार आवडायचं. देवाला विचारून जेवते, संस्काराची पोर आहे, असं ती शेजारणींना सांगायची. तो देव नेमकं काय सांगतो, हे विचारावं असं तिच्या मनात कधी आलं नाही. देव म्हणजे जेवणाला हो म्हणणाराच असतो, दुसरा कसा असेल?

एकदा लिडियानं फोटोकडे बोट दाखवून विचारलं. कुंदाबाईनं सांगितलं. मोडक्यातोडक्या भाषेत किती पोचलं कोण जाणे, पण पोरगी तिथेच खाली बसली आणि कुंदाबाईच्या मांडीवर डोकं ठेवून हुंदके देऊन रडली. डिंपलसाठी इतकं रडणारं माणूस कुंदाबाईनं किती वर्षांत पाहिलं नव्हतं. नातेवाईक रडून मोकळे झाले होते. रतिलाल रडायचाच नाही, त्याचा जबडा फक्त घट्ट व्हायचा. त्या दिवसापासून कुंदाबाईच्या मनानं घेतलं ते घेतलंच. पोरगी पाहुणी आहे, श्रावणातच जाणार आहे, हे तिला कळत होतं. पण कळणं वेगळं आणि वळणं वेगळं.

मग श्रावणात कानबाई देवीचा सण आला. खानदेशात दिवाळीला एखादा घरी आला नाही तर चालून जातं, कानबाईला न येऊन चालत नाही. सुरतेला गेलेले, पुण्याला गेलेले, सगळे भाऊबंद मोठ्या घरी जमतात. चौरंगावर नारळाची कानबाई बसते, तिला नथ घालतात, लुगडं नेसवतात, आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नदीवर नेतात. तिच्या नैवेद्याला गव्हाचे जाडजूड रोट असतात. या रोटांची रीत मोठी कडक. घरातल्या एकेका माणसाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे, ते सोवळ्यात दळायचे, आणि ज्याच्या नावाची मूठ त्यानंच तो रोट खायचा. पौर्णिमेच्या आत संपवायचा. बाहेरच्या माणसाला त्यातला कणही द्यायचा नाही, मग तो कितीही जिव्हाळ्याचा असो. लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा मिळत नाही, तिनं सासरच्या कानबाईचा खायचा. डिंपल गेली त्या वर्षी कुंदाबाईचा हात सवयीनं तिच्या नावाच्या मुठीसाठी पाटीत गेला होता, आणि थोरल्या जावेनं तो अडवला होता. तेव्हापासून रतिलालच्या घरच्या मुठी दोनच.

यंदा बायका गहू मोजायला बसल्या. कुंदाबाईनं रतिलालच्या नावाची मूठ घेतली, आपल्या नावाची घेतली, आणि तिसरी घेतली.

भिकुबाई ही सगळ्यांत थोरली जाऊ. तिच्या शब्दापुढे भाऊबंदकीतले मिशीवाले पुरुषही बोलत नसत. तिनं चष्मा वर केला.

"हाई मूठ कोना नावनी शे वं?"

"लिडियाना नावनी."

"ती काय आपला भाऊबंदमा शे का?"

"माले माय म्हनस ती."

"माय म्हनं म्हनजे पोटनी आंडेर व्हई गयी का? उद्या बस कंडक्टर बी तुले माय म्हनी."

बायका खुदकन हसल्या. एरवी कुंदाबाईही हसली असती. पण तिचा हात पाटीतच राहिला, आणि आवाज असा चढला की बाहेर ओट्यावर बसलेल्या पुरुषांनी मान वळवली.

"अक्का, आजपावत बठ्ठं तुम्हनं ऐकं. मनी आंडेर गयी तवय बी तुम्हीच सांगं, मूठ लेवानी नही, मी नही लिधी. आते हाई नही ऐकसू. मनी आंडेर शे ती. मी मोजी लिधं."

भिकुबाईनं चष्मा परत नाकावर घेतला. सगळी हयात चुलीपुढे गेलेली बाई ती, तिला माणसाच्या पोटातलं कळत नव्हतं असं नाही. शेवटी ती म्हणाली, "बरं. देवी माय शे, तिले बी समजस. पन ध्यानमा ठेव. नावनी मूठ लिधी तं तो रोट तिनाच. दुसरा कोनले चालस नही."

एका परक्या, परदेशी, परधर्मी पोरीसाठी भाऊबंदकीनं पिढ्यान् पिढ्यांची रीत वाकवली होती. कुंदाबाईनं केवढा गड जिंकला होता, हे त्या अंगणातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. कळलं नाही ते एका लिडियाला. ती तेव्हा शाळेत मुलांना हातवारे करून गाणं शिकवत होती. आणि तिला आधी विचारावं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. मूठ काय विचारून घेतात? रोट काय विचारून वाढतात?

कानबाईच्या दिवशी लिडियाला कुंदाबाईनं आपली हिरवी साडी नेसवली. ती उंच असल्यामुळे साडी वर राहिली आणि खालून बूट दिसत राहिले. दिवसभर ती पाणी भरत होती, पोरांना कडेवर घेऊन फिरत होती, पत्रावळी पुसत होती. देवघराच्या दारापर्यंत मात्र ती आली आणि तिथेच थांबली. आरती झाली तेव्हा मागे मागे सरकून ती अंगणात गेली. जळगावहून आलेला नवीन, रतिलालचा धाकटा भाऊ, कुंदाबाईला म्हणाला, "वहिनी, लाजते वाटतं तुमची लेक." कुंदाबाईचा जीव त्या एका शब्दानं सुपाएवढा झाला.

पंगत बसली. खीर, गंगाफळाची भाजी, कटाची आमटी. सगळे बसले तशी लिडियाही मांडी घालून बसली. मग देवीपुढचं ताट बाहेर आलं. कुंदाबाईनं तिच्या नावाचा रोट स्वतःच्या हातानं उचलला, वर तुपाची धार धरली आणि तिच्या पानात ठेवला. पंगतीतला प्रत्येक जण जेवायचं सोडून बघत होता. भिकुबाईसुद्धा बघत होती, आणि तिच्या तोंडावर चक्क कौतुक होतं.

"खाई ले, माय. तुना नावना शे."

लिडियानं रोटाकडे बघितलं. मग देवघराकडे.

"माय, हे... देवीला दिलं होतं?"

"हा. देवीपुढला शे. आते तुना."

पोरीचा गोरा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. तिनं दोन्ही हात मांडीवर घेतले आणि घट्ट धरले. "माय, मी नाही खाऊ शकत," ती म्हणाली. फार हळू म्हणाली, पण सगळं अंगण इतकं गप्प होतं की शेवटच्या पानापर्यंत ते ऐकू गेलं.

नवीननं सावरायला बघितलं. "अरे, पोट बिघडलं असेल तिचं. सवय नसते या लोकांना." केवढी सोपी वाट होती! फक्त मान हलवायची होती. पण खोटं बोलणं तिला कुणी शिकवलंच नव्हतं. "नाही," ती म्हणाली. "पोट चांगलं आहे." आणि तिच्या डोळ्यांतून टपाटपा पाणी त्या हिरव्या साडीवर पडायला लागलं.

कुणी हसलं नाही. कुणी टोमणा मारला नाही. भिकुबाईला बोलायला रान मोकळं होतं, पण तीही बोलली नाही. तिनं नुसतं कुंदाबाईचं पान ओढून तिच्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, "जेव वं." ते कुंदाबाईला जास्त लागलं. शिव्या दिल्या असत्या तर भांडता आलं असतं. आपण सगळ्यांसमोर जिला लेक म्हटलं, तिनं सगळ्यांसमोर नाही म्हटलं. मेलेली लेक निदान नाही तरी म्हणाली नव्हती.

तिनं तो रोट उचलून डब्यात घातला आणि डबा फळीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी प्रमिलाबाई आल्या. त्यांचाही चेहरा उतरला होता. "तिच्या मनात तुमच्याबद्दल काही नाही हो. रात्रभर रडली म्हणे. त्यांच्या शिकवणीत दुसऱ्या देवापुढे ठेवलेलं खात नाहीत. तिला ते पाप वाटतं."

"आनि तुम्ही? तुम्ही तं दरसाल मना घरना फराळ खातस."

"फराळ खाते. देवापुढचं कधी घेतलं नाही. तुम्ही कधी दिलं नाहीत, मी कधी सांगितलं नाही." प्रमिलाबाई म्हणाल्या. "शेजारी राहणाऱ्यांना कळतं हो, कुठलं ताट पुढे करायचं नाही ते. ती पोर कालपरवा आली. आणि मी तुम्हाला दोघींना आधी सांगायला हवं होतं. रोट कधी बाहेर जातच नाही, म्हणून माझ्याही ध्यानात आलं नाही."

कुंदाबाईनं ऐकून घेतलं. राग धरावा असं त्यात कुणी नव्हतं, आणि हेच फार वाईट होतं.

नंतरच्या दिवसांत दोघी एकमेकींशी अशा वागल्या, जशी माणसं दवाखान्यात वागतात. हळू बोलायचं, दार हळू लावायचं. लिडिया जेवायची, पण वाढा म्हणायची नाही. "माले भूक लागनी" म्हणून गल्लीत ओरडायची नाही. आणि कुंदाबाई आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी विचारायला लागली, "आखो देऊ का? हाई चालस का?" असं विचारताना तिला स्वतःचीच लाज वाटायची.

जायचा दिवस पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आला. मिशनची गाडी तिघांना जळगावला सोडणार होती, तिथून रेल्वे. गाडी दारात उभी होती. दोघं मुलगे आत बसले होते. लिडिया मात्र पाया पडायला म्हणून आत आली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. प्रमिलाबाईंनी तिला काय काय सांगितलं होतं कोण जाणे. मूठ, रीत, भाऊबंदकीशी झालेलं भांडण, डिंपलच्या नावाची न घेतलेली मूठ, बहुतेक सगळंच. तिनं फळीवरचा डबा काढला. उघडला. रोट वाळून कडक झाला होता.

"माय," ती म्हणाली. "माझ्या नावाचं आहे. मी खाते. तुझ्यासाठी खाते."

तिनं तुकडा मोडला. कुंदाबाई बघत राहिली. याच घासासाठी ती सगळ्या जावांशी भांडली होती. बाहेर ओट्यावर रतिलाल होता, गल्लीतल्या बायका होत्या, निरोप द्यायला आलेली भिकुबाई होती. एक हाक मारली असती तर सगळ्यांनी बघितलं असतं, की खाल्ला, लेकीनं रोट खाल्ला. गेलेली सगळी पत परत आली असती. घास पोरीच्या ओठांपर्यंत गेला. तिनं डोळे मिटले होते, पण जेवणाआधी मिटायची तसे नाही. डॉक्टर सुई टोचायला आला की लहान पोरं मिटतात तसे.

कुंदाबाईनं तो तुकडा तिच्या हातातून काढून घेतला.

"नको."

"माय, मला खायचं आहे."

"नही. तुना देवले नही चालस ना? मंग नही खावानं. मनासाठे तं बिलकूल नही." तिचा हात डब्यावर पक्का होता. "तू आठेन जाशी, मंग जनमभर तुना जीवले खाई ते. तुना देव तुनावर रागे भरना तं तठे कोन शे तुले? मी थोडीच येऊ शकस? मायनं ऐकानं. ठेव."

लिडियानं तिला मिठी मारली. किती वेळ ते कुणी मोजलं नाही. बाहेर गाडीनं दोनदा हॉर्न दिला. मग प्रमिलाबाई आल्या, त्यांनी पोरीला खांद्याला धरून नेलं, आणि गाडी फाट्याकडे गेली. शाळेची पोरं पार रस्त्यापर्यंत मागे धावली. कुंदाबाई धावली नाही. ती स्वयंपाकघरातच होती.

भिकुबाई दारात आली. तिनं डबा पाहिला, मोडलेला रोट पाहिला, आणि भीतभीत विचारलं, "खादा का तिनी?"

"नही," कुंदाबाई म्हणाली. "ती खाई राहिनती. मीच खाऊ नही दिधा."

भिकुबाईला आधी काही कळेना. मग कळलं. तिनं डोळ्याला पदर लावला आणि दाराला टेकून खाली बसली. "अवं बाई," ती म्हणाली, "आते खरी माय व्हयनी तू तिनी. आनि आतेच ती गयी."

कुंदाबाईनं रोटाचा तुकडा तोंडात घातला. दुसरा कोनले चालस नही, असं भिकुबाईनंच सांगितलं होतं, पण ती आता काही बोलली नाही. रोट फार कडक होता. रतिलाल आत येऊन म्हणाला, दुधात बुडव, असा कोरडा उतरणार नाही. तिनं मानेनंच नको म्हटलं. दातांना लागत होता, हिरड्यांना टोचत होता, घशाखाली जात नव्हता. पौर्णिमेच्या आत संपवायचा होता, आणि तिच्याशिवाय तो खाणारं आता कुणी नव्हतं.